काकांच्या पोथीतलं अंडं

शेवगावात आमच्या घरी अंडं पहिल्यांदा आलं ते पोथीतून, देवघरात, सोवळ्यात, आणि तेही माझ्याच तोंडून. हे वाक्य मी आजवर बऱ्याच ठिकाणी टाकून पाहिलं आहे. शाळेच्या शिक्षकखोलीत टाकलं, लग्नाच्या पंगतीत टाकलं, एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, तर त्यांचं नाव पुकारलं तरी त्या उठेनात. 'आधी पुढं काय झालं ते सांगा, पोट काय, नंतरही दुखेल,' म्हणाल्या. एवढी मागणी आहे म्हटल्यावर लिहून टाकलेलं बरं.

महायुद्ध चालू होतं. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मला परवानगी मिळत नव्हती. मी मराठी सातवीची फायनल पास झाले होते आणि नगरला मुलींच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली होती. दोन वर्षं शिकायचं आणि मास्तरीण होऊन बाहेर पडायचं. दुसऱ्या बाजूने राहात्याचं एक स्थळ चालून आलं होतं. नगरला जायचं की राहात्याला, एवढाच काय तो प्रश्न. पण तो माझ्या उभ्या जन्माचा होता. वडील मी लहान असतानाच गेले होते, आई त्यांच्या आधी. मला वाढवलं काका-काकूंनी. तेव्हा निर्णय काकांचा. आणि काका कुठलाही निर्णय स्वतः घेत नसत. ते पोथीला विचारत.

काकांचं नाव पंचक्रोशीत होतं ते पूजा सांगण्यासाठी नव्हे, कौलासाठी. कुणाचा बैल हरवला, कुणाच्या विहिरीला पाणी लागेना, कुणाची सून माहेराहून येईना, की माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसत. कौलाची रीत अशी. मागणाऱ्याने आपला प्रश्न एकदाच, मोठ्याने विचारायचा. काका डोळे मिटून बंद पोथीच्या पानांत दर्भाची काडी सरकवत. मग घरातल्या कुमारिकेने तिथं पोथी उघडायची आणि काडीचं टोक जिथं टेकलं असेल ती एक ओळ खणखणीत वाचायची. तेवढीच. वरची नाही, खालची नाही. ओळ अर्ध्यात तुटली तर तुटली. एकदा वाचलेली पुन्हा वाचायची नाही. मग काका अर्थ लावत, आणि माणूस उठून जाई.

कुमारिका अर्थातच मी. महिन्यातले चार दिवस मी बाजूला बसले की कौल बंद राही. अशा वेळी लांबून आलेल्यांना काकू दारातूनच सांगे, 'पोथी परगावी गेलीये.' लोक मान डोलावून परत जात. पोथीचं परगावी काय काम असेल, हे एकानेही कधी विचारलं नाही.

आणखी एक नियम होता, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कौलाची पोथी सलग वाचायची नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणी वाचली तर तिचं पाणी उतरतं, असं काका सांगत. त्यामुळे गावातल्या सर्वांत पूज्य ग्रंथात लिहिलंय तरी काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, त्यामुळे त्यांना तर आता ते कळण्याची सोयही राहिली नव्हती.

ही पोथी म्हणजे शिळाप्रेसवर छापलेलं देवीचं माहात्म्य. शिवण उसवली होती, कसरीने कडा खाल्ल्या होत्या, आणि तिची दोन शकलं झाली होती. काकूने धोशा लावला, तेव्हा काकांनी ती बांधून घ्यायचं ठरवलं. गावच्या वाचनालयाचे चिटणीस आपली फाटकी पुस्तकं मोटारीने नगरच्या बाइंडरकडे पाठवत असत. काकांनी लाल फडक्यात बांधलेली पोथी त्यांच्या गठ्ठ्यात ठेवली.

आता बाइंडरचा दोष काढू नका. युद्धामुळे पुठ्ठा दुर्मिळ झाला होता, आणि काटकसरी चिटणिसांनी त्याला कायमचं सांगून ठेवलं होतं की एका मापाची पातळ पुस्तकं दिसली की वेगळी बांधायची नाहीत, सगळी मिळून एक करायची. बाइंडरने ते अक्षरशः पाळलं. त्या गठ्ठ्यात वाचनालयाची पोथीच्याच मापाची तीन पुस्तकं होती. एक घरबसल्या जादूचे प्रयोग शिकवणारं. एक असल्या इतिहासाचं, की ज्यात मिसर देशातले पिरॅमिड बांधणारे गवंडी मूळचे आपल्या गोदाकाठचे होते असं सिद्ध केलेलं होतं. आणि एक लहानसा निबंध, माणसाच्या व्यक्तिगत स्वातंत्र्यावर. पोथीच्या पहिल्या शकलाने सुरुवात करून, ही तिन्ही पुस्तकं पोटात घालून, शेवटी दुसरं शकल लावून बाइंडरने सुरेख लाल कापडी बांधणीचा एक ग्रंथ करून पाठवला.

काकांनी तो हातात घेतला, वजन करून पाहिला आणि म्हणाले, "बांधल्यावर जरा अंगाने भरली, नाही?"

"शेणखत घातल्यासारखी," काकू म्हणाली.

मी पहिलं पान वाचून दाखवलं. देवीचं ध्यान. शेवटचं वाचून दाखवलं. फलश्रुती. काकांचं समाधान झालं. मधलं बघायचं नाही हा तर नियमच होता.

नव्या बांधणीनंतरचा पहिला कौल पाथर्डीच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याचा. उंच, खांद्यावर घोंगडं, डोळे रडून सुजलेले.

"काका, बैल गेलाय. पांढरा खोंड. लई हिंडलो, न्हाई घावला."

काकांनी काडी सरकवली. मी पोथी उघडली. काडीच्या टोकाशी असलेली ओळ पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली. पण नियम तो नियम. मी खणखणीत वाचलं:

"'अंडे डाव्या बाहीत लपवून ठेवावे व उजवा हात सर्वांस...'"

ओळ तिथं संपत होती. स्वयंपाकघरात काकूच्या हातून पळी पडली. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे पाहिलं, काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"काय म्हणालीस?"

"पुन्हा वाचायचं नसतं, काका."

"नसतं खरं." ते बराच वेळ मान हलवत राहिले. माझे काका खोटं कधी बोलले नाहीत. त्यांना पोथीत अंडं नको होतं, पण आलं होतं, आणि आलेल्याचा अर्थ लावणं त्यांचं काम होतं. अखेर त्यांचा चेहरा उजळला. "हे बघ. अंडं म्हणजे काय? आत जीव आहे, पण बाहेरून दिसत नाही. म्हणजे तुझा बैल जिवंत आहे. लपवून ठेवलाय. कुठं? डाव्या बाहीत. तुझ्या शेताच्या डाव्या अंगाला कोण?"

"माझा साडू हाय की!"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. आणि उजवा हात सर्वांस, म्हणजे उजवीकडचा सगळ्यांना नुसता हात दाखवतोय. तिकडं वेळ घालवू नकोस."

बैल साडूच्या वैरणीच्या छपरात निघाला.

झालं! पोथीची कीर्ती अशी पसरली की बाजारच्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा उरेना. आणि येताना लोक काय आणत असतील? देवीला जे आवडतं ते. परड्या भरभरून अंडी! काकू सोवळं नेसून दारात उभी, आणि समोर एक म्हातारी परडी पुढं करून सांगतेय, "देवीनं तोंडानं मागितलं म्हन्त्यात."

"देवीनं नाही मागितलं!"

"मग कुनी मागितलं?"

काकूने ती अंडी चिमट्याने उचलता येतील का, याचाही एकदा प्रयत्न करून पाहिला. शेवटी सगळी परसातल्या बोरीखाली ठेवायची आणि ज्याला हवी त्याने न्यायची असं ठरलं. त्या बोरीखाली तेव्हा जेवढी वर्दळ होती तेवढी गावच्या चावडीतही नसेल.

कौल काडी पडेल तसा पडत राहिला. बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावकीतल्यांना 'मिसर देशीचे राजे व आपण एकाच रक्ताचे' अशी ओळ आली. काका म्हणाले, "अरे, देवी पार मिसरपर्यंत नातं लावतेय आणि तुम्हाला दोन हातांवरचा चुलता परका?" दोघेही ओशाळून एकाच बैलगाडीतून परत गेले. सरकारविरुद्धची पुस्तकं हुडकायला म्हणून एक जमादार आला. त्याने आमच्या घरातलं पंचांग उलटंपालटं करून तपासलं, आणि स्वातंत्र्यावरचा निबंध पोटात घेऊन बसलेल्या त्या पोथीला मात्र जोडे काढून नमस्कार केला. वर हळूच विचारलं, "आमची बदली कधी हुईल, काका?" ओळ आली, 'प्रेक्षकांचे लक्ष क्षणभर दुसरीकडे वेधून घ्यावे.' त्याने साहेबाचं लक्ष कुठं आणि कसं वेधलं ते देवीलाच ठाऊक, पण बदली झाली. जाताना तोही अंडी ठेवून गेला.

एवढ्यात वाचनालयाचे चिटणीस आपली तीन पुस्तकं मागायला आले. काडेपेटीएवढा माणूस, पण नियमांचा पक्का. काका म्हणाले, "पोथीने पोटात घेतलं ते आता पोथीचंच. कौल दिलेल्या पोथीला कात्री लावता येत नाही." चिटणीस म्हणाले, "वर्गणीदारांची पुस्तकं अडकवून ठेवता येत नाहीत." दोघंही नियमाला धरून चाललेले, त्यामुळे भांडणाला जागाच नव्हती. मग तोडगा निघाला, की वाचनालयाच्या वर्गणीदारांनी आंघोळ करून, ओल्या पंच्याने आमच्या देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसावं आणि आपापलं पुस्तक पोथीतच वाचावं.

मंडळी, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कचेरीतले तीन कारकून, उघडेबंब, कपाळाला गंध, हात जोडून बसलेत, आणि त्यांतला एक गंभीर आवाजात वाचतोय की रुमालाची गाठ फुंकरीने कशी सोडावी. एका उत्साही गृहस्थाने तर पुस्तकातल्याप्रमाणे स्वतःला दोराने बांधून घेतलं. बांधण्याची कृती एका पानावर होती आणि सुटण्याची पान उलटल्यावर. पान उलटणार कोण? हात बांधलेले. आणि सोबती म्हणाले, आम्ही आता जेवून येतो. काका-काकूंनी सोवळ्यात असल्यामुळे त्यांना शिवायचं नाकारलं. मी कुमारिका म्हणून मला परपुरुषाची गाठ सोडण्याची मनाई होती. ते गृहस्थ दुपारभर आमच्या खांबाला टेकून देवीची स्तोत्रं म्हणत बसले होते. ते इतके तल्लीन दिसत होते की कौलाला आलेल्या दोघींनी त्यांच्याच पाया पडून घेतलं.

मी काय करत होते? मी वाचत होते. दुपारी काका-काकू झोपले की मी पोथी काढून स्वातंत्र्यावरचा तो निबंध वाचत असे. सलग वाचायची मनाई होती; म्हणून मी शेवटच्या पानापासून मागे मागे वाचत गेले. नियम जसाच्या तसा राहिला आणि पुस्तकही वाचून झालं. फक्त त्या निबंधाचा क्रम माझ्या डोक्यात उलटा बसला. माणूस स्वतंत्र आहे इथून सुरुवात, आणि तो स्वतःला बांधलेला का समजत होता इथं शेवट. पुढे मी हा निबंध मिळवून सुलटाही वाचला. मला उलटाच बरा वाटतो. तो मी इतक्या वेळा वाचला, की ग्रंथाची पाठ तिथं मऊ पडली होती आणि ग्रंथ नुसता ठेवला तरी तिथंच उघडू लागला होता. पुस्तक ज्या पानाला हात लागतो त्या पानाची सवय लावून घेतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मास्तरीण झाल्यावर मुलांची पुस्तकं पाहून कळलं.

आणि मग राहात्याची मंडळी आली.

मंडळी म्हणजे दोघं. नवरा मुलगा आणि त्याची आत्या. मुलगा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. नेमकं बोलायचा, कमी बोलायचा, आणि आकडा सांगताना आधी खाकरायचा. आत्याबाई मात्र फक्त श्वास घ्यायला थांबत. त्यांनी पोहे खाता खाता माझं नाक, माझा आवाज, आमचा उंबरा आणि परसातली अंडी या सगळ्यांविषयी मत दिलं.

"आणि हे नगरचं काय खूळ आहे?" त्या काकांना म्हणाल्या. "शिकून मुलगी काय करणार? दुसऱ्यांची पोरं सांभाळणार! आपल्या घरात पोरं नसतात का?"

काकूला हे स्थळ पसंत होतं. काकांना दोन्ही पसंत होतं, कारण त्यांना माझं भलं हवं होतं आणि भलं कुठं आहे ते समजत नव्हतं. ते म्हणाले, "पोथी सांगेल."

त्या दिवशी पहिल्यांदा मला पोथीची भीती वाटली. आजवर दुसऱ्यांचे बैल होते, दुसऱ्यांचे बांध होते. मी मनात हिशेब मांडला. सर्वांत जाड पुस्तक जादूचं. म्हणजे बहुधा अंडं, रुमाल नाहीतर टोपीतला ससा. काका त्याचा काय अर्थ लावतील? मुलगी म्हणजे रुमाल, एका मुठीतून दुसऱ्या मुठीत? मिसरचे राजे आले तर? ते परदेशी गेले म्हणून मी नगरला जावं, की ते मूळचे इथले म्हणून मी इथं राहावं? आणि मूळ पोथीची ओळ आली तर संपलंच. त्यातल्या माझ्या वाचण्यात आलेल्या निम्म्या ओव्या स्त्रीने घर कसं सोडू नये याच्यावर होत्या. मी देवीला हात जोडले आणि मनात म्हणाले, आई, अंडं तरी दे.

देवघरात सगळे बसले. काकांनी काडी हातात घेतली. तोच काकूच्या लक्षात आलं.

"अहो, पण वाचणार कोण? विचारणारीनं वाचायचं नसतं."

खरंच की. घरात दुसरी कुमारिका नव्हती. काकांनी विचार केला आणि राहात्याच्या पाहुण्याकडे वळले. "तुमचं लग्न झालेलं नाही ना?"

मुलगा खाकरला. "त्यासाठीच आलोय."

"मग तुम्ही कुमार. तुम्ही वाचा."

आत्याबाईंचा चेहरा फुलला. स्वतःच्या भाच्याच्या हातात निकाल! मी मात्र आशा सोडली. आता काडी कुठंही पडो, वाचणारा त्या पक्षाचा.

"विचार," काका म्हणाले.

मी विचारलं, "मी नगरला जाऊ का?"

काकांनी डोळे मिटले आणि काडी सरकवली. काडी कशाला अडली नाही, तिला जणू वाट ठाऊक होती. मुलाने ग्रंथ उघडला, चष्मा सावरला आणि म्हणाला, "इथं वरती लिहिलंय, प्रकरण चौथे—"

"वरचं नाही!" काका ओरडले. "काडीचं टोक. तेवढीच ओळ."

"बरं." तो पुन्हा खाकरला, आणि उसाच्या गाडीचं वजन सांगावं तसं वाचलं: "'ज्याला जावयाचे आहे त्याने परवानगी विचारीत बसू नये. विचारणे हीच...' संपली."

ओळीचं पुढचं मला पाठ होतं. विचारणे हीच पहिली बेडी. मी दातांखाली जीभ धरली.

"विचारणे हीच काय?" आत्याबाई म्हणाल्या. "पुढं वाच ना!"

"पुढचं वाचायचं नसतं," काका म्हणाले.

"असं कसं? विचारणे हीच रीत! विचारणे हीच मर्यादा! दुसरं काय असणार? बघ रे, खाली बघ."

मुलाने खाली पाहिलं. मला ते दिसलं. त्याचे डोळे पुढच्या ओळीवरून सरकले, थांबले, पुन्हा मागे आले. मग त्याने सावकाश ग्रंथ मिटला आणि मांडीवर ठेवला. "नियम आहे, आत्या," तो म्हणाला. "काट्यावरसुद्धा एकदा झालेलं वजन मी पुन्हा करत नाही."

सगळे काकांकडे पाहू लागले. मी काकांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. अंड्याने त्यांना अडवलं नव्हतं, मिसरने अडवलं नव्हतं. पण हे वाक्य सरळ होतं, आणि सरळ वाक्याचा अर्थ कसा लावतात याची त्यांना सवय नव्हती. त्यांचे ओठ हलत होते.

काकूला आधी कळलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, जरा जपून. विचारूच नका असं पोथी म्हणाली, तर उद्यापासून विचारायला येणार कोण? आपण खायचं काय?"

"तेच म्हणते मी," आत्याबाई पुढं सरसावल्या. "म्हणा की आजचा कौल चुकला. काडी घसरली."

"काडी घसरली?" काकांनी डोळे उघडले. "बाई, काडी आज घसरली तर बैलाच्या वेळीही घसरली. जमादाराच्याही वेळी घसरली. मग मी आजवर लोकांना काय सांगत आलो?"

"मग अर्थ दुसरा लावा!"

"दुसरा नाहीये हो त्यात," काका जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले. "असता तर लावला नसता का?"

मग ते माझ्याकडे वळले. त्यांना मी नीट दिसत नव्हते. ते माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे पाहत बोलले.

"तुला जायचंय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला जाऊ द्यायचं का, हे सगळ्यांनी एकमेकांना विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्हीच विचार म्हणालात."

"हं. चुकलं माझं," काका म्हणाले. काकूने तोंडावर पदर धरला. काका चुकल्याचं तिनेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "जा तू. मी जा म्हणतोय म्हणून नव्हे हं. मी म्हटलं म्हणून गेलीस तर पोथीचा शब्द मोडेल. आपली आपण जा. मी काहीच म्हणालो नाही."

"आणि आमचं काय?" आत्याबाईंनी विचारलं.

काका आता वाहवले होते. त्यांनी पाहुण्याकडे मोर्चा वळवला. "तुम्हाला कुठं जायचंय का?"

मुलगा खाकरला. मग म्हणाला, "कुठं असं नाही. पण काट्यावरून उठायचंय खरं."

"गप बस!" आत्याबाई कडाडल्या. "कारखान्याची नोकरी आहे!"

"मी विचारलं नाही, आत्या," तो नम्रपणे म्हणाला.

जेवणं मात्र मोडली नाहीत. आमच्याकडे लग्न मोडलं तरी पंगत मोडत नाही. पानं वाढत असताना आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या, काकू बाहेर गेल्याचं पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"खरं सांग. त्याच्या पुढं काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्या माझं मनगट धरूनच उभ्या राहिल्या. मग ते सोडलं, स्वतःच्या हातातल्या पाटल्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "मला एकदा काशी बघायची होती. मी सासऱ्यांना विचारलं, मग दिरांना विचारलं, आता भाच्याला विचारते." मग एकदम आवाज चढवून, "मीठ कुठं ठेवता गं तुम्ही?" कारण काकू परत आली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ओसरी भरली. काका बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की पोथीनेच विचारायची बंदी केली आहे, तेव्हा आता ज्याने त्याने आपलं आपण बघावं. माणसं चुळबुळली. मागून एक पागोटं पुढं आलं.

"म्हंजी इचारायचंच न्हाई व्हय?"

"नाही."

"बरं, न्हाई तर न्हाई. पर काका, इचारायचं का न्हाई, येवढं तरी पोथीला इचारून सांगा की. आमी कोसावरनं आलोय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर आढ्याकडे पाहिलं. ओसरीवरची सगळी माणसं 'बराबर हाय, बराबर हाय' म्हणाली. तेव्हा काकांची उपासमार होणार नाही याची मला खात्री पटली आणि मी ट्रंक भरायला आत गेले.

नगरची मोटार तेव्हा पेट्रोलवर नव्हे, कोळशाच्या धुरावर चाले. मागे भलीमोठी शेगडी, आणि सुटायच्या आधी क्लीनर ती तासभर ढोसत बसे. काकूने मेतकुटाचा डबा दिला आणि नगरचं पाणी जड असतं असं सांगून रडली. काका उपरणं सावरत मोटारीच्या दाराशी उभे होते. मोटार धूर सोडू लागली. पुढं ड्रायव्हरच्या मागे एक जागा होती, मागे बायकांत एक.

मी सवयीने विचारलं, "काका, पुढं बसू का मागं?"

काकांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि पाठ फिरवून चालू लागले. दोनदा माणसांवर आपटले, एकदा गाईवर, पण मागे वळले नाहीत.

मी पुढं बसले.